एकसारखे वगळणारे सर

परवा रविवारी फोनवर दादा मला म्हणाला, "आजी, मी सध्या कलेक्शनसाठी हेल्पर मेथड लिहितोय. म्हणजे... जाऊ दे, तुला नाही कळायचं." मग मी छोटी कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ती बिझी आहे. मी दोघांच्या वतीनं केलाय ना फोन."

दुसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी वळेन. पहिलीबद्दल एवढंच, की बाळा, मला कळतं. उमरग्यात राहून जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे कळतं, याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही. तुमचे आजोबा गेल्यावर मी वरची माडी भाड्यानं दिली, तिथे काही वर्षं एक सर राहत होते. प्रोग्रॅमिंगचा क्लास घेत. त्यांनी मला हे समजावलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी ऐकवलं. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, मी चपात्या लाटत असताना. चपाती करपली तरी थांबत नसत, उलट करपलेल्या चपातीचं उदाहरण घेत. त्यांच्या अशाच एका हेल्परपायी, सरांच्या भाषेत मदतनीसापायी, सोनारीच्या एका मुलीचं शिक्षण बुडता बुडता राहिलं, तेही मी माझ्या ओट्यावर बसून पाहिलं. तेव्हा मला कळतं.

सर दिसायला कसे होते हे सांगणं सोपं आहे, कारण ते रोज तसेच दिसत. राखाडी शर्ट, काळी पँट. दोरीवर कायम राखाडी शर्ट वाळत असे. समोरच्या पाटलीणबाई एकदा कळवळून म्हणाल्या, "बिचाऱ्याला एकच शर्ट हाय वो. किती दिवस वाळतोय!" हे सरांच्या कानावर गेलं. ते दुखावले. जिन्यात थांबून मला म्हणाले, "म्याडम, अर्धा डझन हायेत. एकसारखे दिसतात म्हणून एक झाले का?" हे वाक्य लक्षात ठेवा. सरांनी ते ठेवलं नाही.

अर्धा डझन एकसारखे शर्ट का, तर रोज सकाळी काय घालायचं हा विचार पुन्हा पुन्हा करायला नको. एकदा विचार केला, संपलं. हाच त्यांचा धर्म होता. "पहिल्यांदा केलं तर काम, दुसऱ्यांदा केलं तर आळस, तिसऱ्यांदा केलं तर पाप." हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत.

त्यांच्या क्लासातल्या एखाद्यानं त्याच त्या दहा ओळी प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी लिहिल्या, की सर त्याला जिना उतरून खाली पाठवत आणि पुन्हा वर यायला लावत. "कसं वाटलं? एकदा चढलेला जिना परत चढायला? कंप्यूटरलाबी तसंच वाटतं." कंप्यूटरला काय वाटतं हे मला माहीत नाही. जिन्याखाली माझं तुळशीचं वृंदावन होतं, त्याला काय वाटत असेल याचा मला अंदाज होता.

आता कलेक्शन. दादा, तू हसशील, पण सरांनी ते माझ्या फडताळावरून शिकवलं. तुम्हाला आठवतं, माझे स्टीलचे डबे उंचीप्रमाणे लावलेले असतात आणि प्रत्येकावर चिठ्ठी असते. सर पहिल्यांदा स्वयंपाकघरात आले तेव्हा फडताळासमोर हात जोडून उभे राहिले. मला वाटलं मागे देवाची तसबीर आहे. "कलेक्शन म्हणजे हेच, म्याडम. डबा. आत काय हाय याच्याशी आपल्याला देणंघेणं न्हाय. डब्यावर करायची कामं ठरलेली असतात. निवडणं, चाळणं, गट पाडणं, पहिला दाणा काढून दे म्हणणं. ती कामं एकदाच नीट लिहून ठेवायची, अन् कुठल्याबी डब्याला लावायची. त्याला मदतनीस म्हणायचं."

मदतनीसाचे त्यांचे नियम होते. मूळ डबा उलथायचा नाही. निवडून काढलेलं नव्या डब्यात द्यायचं. म्हणून सरांनी कधी हौसेनं तांदूळ निवडून दिले, तर ते तीन ताटं घेत. ताटं मी घासत असे. दुसरा नियम, काय निवडायचं हे मदतनीसानं स्वतः ठरवायचं नाही. ते बाहेरून सांगायचं. "चाळणीला अक्कल नसती, म्याडम, म्हणून चाळण चांगली. भोकं केवढी पायजेत ते तुमी सांगायचं. चाळण म्हणाली, मला ज्वारीच आवडती, तर तूर कशी चाळणार?" हे मला फार पटलं. घरात अक्कल चालवणाऱ्या चाळण्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या.

तिसरा नियम सगळ्यात लाडका. मदतनीस लिहिला की आधी रिकाम्या डब्यावर चालवून बघायचा. "भरलेल्या डब्यावर कुणाचंबी काम चालतं. डबा रिकामा असला तर? बोंब मारायची न्हाय. गपगुमान रिकामा डबा परत द्यायचा. रिकामा डबा हा बी डबाच असतो."

या नियमानं सरांना गावात बरीच प्रसिद्धी मिळाली. शेजारच्या वास्तुशांतीला त्यांनी आचाऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं, "समजा कुणीच जेवायला आलं न्हाय तर?" पाटलीणबाईंच्या मुलीच्या साखरपुड्यात विचारलं, "समजा नवरदेवाकडचं एकबी माणूस आलं न्हाय तर?" पाटलीणबाईंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "म्याडम, तुमच्या भाडेकरूच्या तोंडात जरा साखर घाला वो." मी साखर घातली. त्यांनी पेढा खाऊन विचारलं, पेढे संपले तर.

तुमची आई परदेशी निघाली त्या दिवशी सामान गाडीत भरलं जात होतं. सर माडीवरून वाकून बघत होते. मी मनात म्हटलं, आज तरी विचारू नका. त्यांनी विचारलं नाही. गाडी गेल्यावर खाली आले आणि म्हणाले, "बोंब न मारता राहिलात. लई चांगलं." मी आत जाऊन दार लावून घेतलं. त्यांना ती स्तुती वाटली होती.

माझा त्यांच्या कामात हात होता तो फक्त नावांपुरता. मदतनीसाचं नाव वाचताच तो काय करतो ते कळायला हवं, हे सरांना मान्य होतं. पण इंग्रजीशी त्यांचं नातं सावत्र भावाचं. मी लक्ष घालायच्या आधी त्यांच्या मदतनीसांची नावं होती 'काम', 'कामदोन', 'कामनवीन', 'कामशेवटचं' आणि 'कामखरंचशेवटचं'. मी सगळ्यांचं रीतसर बारसं केलं. क्रियापद आधी, मग काय ते. मुलांना वळण लावावं तसं.

त्यांचा सगळ्यात अभिमानाचा मदतनीस म्हणजे एकसारखे वगळणारा. डब्यात तीच गोष्ट दोनदा आली तर एक ठेवायची, बाकीच्या काढून टाकायच्या. सर म्हणत, उभ्या धाराशिव जिल्ह्याला या मदतनीसाची गरज आहे, कारण आपले लोक भीतीपोटी प्रत्येक अर्ज दोनदा भरतात. एकदा या दुकानातून, एकदा त्या. "एक पोचला न्हाय तर?" म्हणून. रिकाम्या डब्याची काळजी फक्त सरांनाच होती असं नव्हे.

हा मदतनीस त्यांनी हौसेनं सगळीकडे फुकट लावून दिला. लग्नाच्या पत्रिकांवर नावं छापणाऱ्याकडे, देवस्थानाच्या जेवणावळीला, मुलींच्या एका वसतिगृहाला. आणि गावात रुसवे सुरू झाले.

आमच्या गल्लीतले शिंपी शेख महबूब मशीन सोडून माझ्या दारात आले. "बोला म्याडम, पाटलांच्या जावयाचा कोट मी शिवायचा, अन् दावत त्या नाक्यावरच्या ट्रकवाल्या महबूबला? त्यानं कोटाचं बटन तरी लावलंय का?"

पाटलीणबाई शपथेवर सांगत होत्या की नाव दिलं होतं. नाव दिलंच होतं. दोन शेख महबूब दिले होते, दोघेही उमरग्याचे. मदतनीसानं एक ठेवला. सरांना बोलावलं, तर ते शिंप्यालाच म्हणाले, "एका गावात एका नावाची दोन माणसं ठेवायचीच कशाला?"

"बापानं ठेवलं नाव, सर," महबूबभाई म्हणाले. "तुम्हाला विचारायला पायजे होतं."

मी सरांना विचारलं, की चाळणीला अक्कल नसावी असं तुम्हीच म्हणत होता ना? मग दोन माणसं एक आहेत हे तुमच्या चाळणीनं कसं ठरवलं? सर म्हणाले, "ह्यात काय ठरवायचंय, म्याडम? ह्ये तर उघड हाय." बाकी सगळ्या मदतनीसांत भोकांचं माप बाहेरून येत होतं. या एकाच मदतनीसात ते सरांनी स्वतः आत घालून ठेवलं होतं, कारण ते उघड होतं. पण तक्रार मनाला लागली असावी. वर जाऊन त्यांनी काहीतरी केलं आणि खाली येऊन जाहीर केलं, "आता जन्मतारीखबी बघतो. पत्रिकांचं सोडा, तिथं कोण तारीख देत न्हाय. पण जिथं देतात तिथं आता माणूस चुकणं शक्य न्हाय."

मुलांनो, तुमचे वाढदिवस तुमच्या आईनं डॉक्टरच्या घड्याळाप्रमाणे मिनिटासकट मला कळवले. आमच्याकडे खेड्यांत तसं नव्हतं. शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहीत. शाळा जूनमध्ये उघडते, हिशोब सोपा. अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. सर स्वतः कागदोपत्री एक जूनचे. त्यांच्या आईला विचारलं तर म्हणे, गौरी जेवल्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. हे सगळं माहीत असलेल्या माणसानं जन्मतारखेवर विसंबून छातीला हात लावून सांगितलं, की आता चुकणं शक्य नाही.

त्या वर्षी जुलै संपत आला असताना दुपारी एक बाई आणि तिची मुलगी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. परंड्याच्या अलीकडे सोनारी आहे ना, काळभैरवाची, तिथून परंडा, बार्शी, तुळजापूर अशा एस.टी. बदलत आलेल्या. मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. वसतिगृहात मात्र तिचं नावच नव्हतं. रेक्टर बाईंनी सांगितलं, यादी कंप्यूटरनं केली, आणि कंप्यूटर अमक्या म्याडमच्या माडीवर राहतो.

मी पाणी दिलं. बाईनं मुलीला आधी पाजलं. "गावातल्या दुसऱ्या पोरीचं आलंय बघा नाव," ती म्हणाली. "दोघी एका बाकावर बसून शिकल्या. दोघींनी एका दिशी अर्ज केला. तिला खाट मिळाली, हिला न्हाय. हिचा बाप म्हणतो, ऱ्हायची सोय न्हाय तर शिकायची बी न्हाय. पाव्हणे दारात हायेत. म्या त्येला सांगून आले, आज सोय करूनच येते. न्हाय झाली तर तुझं खरं."

मुलीचं नाव अंबिका. मैत्रिणीचंही अंबिका. सोनारीत दर दोन घरांआड थोरल्या मुलाचं नाव भैरवनाथ ठेवतात, म्हणून दोघींचे बाप भैरवनाथ. आडनावही एकच, ते लिहीत नाही. त्या गावात त्या आडनावाची घरं मोजायला लागलात तर दमाल. गाव एक, शाळा एक, गुरुजी एक. म्हणजे जन्मतारीख कोणती ते सांगायला नको.

मी सरांना हाक मारली. ते आले, आधी मुलीला विचारलं, "अर्ज दोनदा भरला व्हता का?"

"न्हाय सर. एकदाच."

"मग दोन कसे आले?"

"एक माझा अन् एक अंबीचा."

"तूच अंबिका न्हवं?"

"व्हय. अन् ती बी."

सर वर गेले आणि लॅपटॉप घेऊन खाली आले. मग त्यांनी बाईला शांतपणे, वर्गात सांगावं तसं समजावलं. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव, गाव, जन्मतारीख तीच. सगळं जुळलं, की कंप्यूटरच्या लेखी ती एकच मुलगी असते. पहिली राहते, दुसरी वगळली जाते. यात कोणाची चूक नाही.

बाई ऐकत होती. शेवटी तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"म्हंजी म्या हिला जल्माला घातलीच न्हाय म्हणा की," ती म्हणाली. "समदं इचारलं तुमच्या यंत्रानं. बाप कोण, गाव कोणचं. आई कोण, ह्ये न्हाय का इचारलं? तिची आई ती कमल. म्या बसले की हितं तुमच्या म्होरं!"

सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं. अर्जात आईच्या नावाचा रकाना होता. भरलेला होता. एकात एक नाव, दुसऱ्यात दुसरं. सरांच्या मदतनीसानं तो रकाना वाचायचे कष्ट घेतले नव्हते, कारण बापाचं नाव बघितल्यावर आणखी काही बघायची गरज नाही, हे उघड होतं. दोरीवर राखाडी शर्ट वाळत होते, मी तिकडे फक्त पाहिलं. सरांनीही पाहिलं.

इतकी वर्षं बोलणारा तो माणूस पहिल्यांदा काही न बोलता माझ्या ओट्यावर बसून काम करू लागला. एकाच जागी दुरुस्ती करायची होती, कारण मदतनीस एकाच जागी लिहिलेला होता. कोणाला एकसारखं म्हणायचं, हे त्यांनी मदतनीसाच्या आतून काढलं. आता ते बाहेरून सांगावं लागणार होतं, ज्याचं काम त्यानं. चहा उकळेपर्यंत झालंही. आईचा रकाना धरून यादी पुन्हा काढली, तर दोन अंबिका एकीखाली एक उभ्या.

"बगा," सर बाईला म्हणाले. आवाजात जुना तोरा थोडा परत आला होता. "एका जागी सुधारलं की समदीकडं सुधारतं. म्हणून एकदाच लिहायचं असतं."

आम्ही चौघं ती यादी घेऊन वसतिगृहावर गेलो. रेक्टर बाईंनी चष्मा वर करून वाचली आणि खाली ठेवली.

"यादीत आली, सर. खोलीत कुठून येणार? हिची खाट खालच्या नंबरच्या मुलीला देऊन झाली. तिचा बाप काल गादी टाकून गेला. तिला उठवू का?"

"न्हाय," मुलगीच म्हणाली. "तिला नका उठवू."

सरांना हे नवीन होतं. त्यांच्या डब्यात दाणा वाढला की डबा आपोआप मोठा होत असे. त्यांनी यादी उचलून तिची घडी घातली. आम्ही परत आलो. ओट्यापाशी बाईनं पिशवी उचलली आणि साडेचारची तुळजापूर गाडी मिळेल का म्हणून मला विचारलं. मुलगी वृंदावनाकडे तोंड करून उभी होती.

तेव्हा सर जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "म्याडम, समजा वरची माडी रिकामी असली तर?"

मला आधी राग आला. हा काय प्रश्न विचारायची वेळ? मग मला कळलं की आयुष्यात पहिल्यांदा सर तो प्रश्न उत्तरासाठी विचारत होते.

"आणि तुम्ही?"

"नाक्यावर टायरच्या दुकानावर एक खोली हाय. ट्रक जाताना हालती. पोरं झोपणार तरी न्हाईत क्लासात."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी खाली ऱ्हाता न्हवं, बाई? एकल्याच?"

"एकटीच," मी म्हटलं.

"मग न्हाय आता एकल्या," ती म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली.

सरांचं सामान हलवायला वेळ लागला नाही. शर्ट दोरीवरून काढताना पाटलीणबाई समोरून बघत होत्या. "अगं बाई, खरंच लई हायेत की!" त्या म्हणाल्या. सर खुश झाले. जाताना मला सांगून गेले, की पोरीला एकच गोष्ट दोनदा सांगू नका, आळस लागतो. पुढच्या आठवड्यात येऊन तेच पुन्हा सांगून गेले.

अंबिका तीन वर्षं वर राहिली. दुसरी अंबिका रविवारी वसतिगृहातून यायची, आणि दोघी मिळून माझे डबे चुकीच्या क्रमानं लावायच्या. आमची अंबिका आता इथल्याच एका दवाखान्यात आहे. माझा बी.पी. तीच बघते आणि तुमच्या आईला जे मी सांगू नको म्हणते ते नेमकं सांगते.

गेल्या महिन्यात तिची लग्नपत्रिका आली. सर आता सोलापूरला असतात, पण नावं त्यांच्याच प्रोग्रॅमवर काढलेली होती. पत्रिका मला दोन आल्या. एकीवर नुसतं नाव, एकीवर नावापुढे 'म्याडम'. मी फोन करून विचारलं, की काय सर, इतकी वर्षं झाली तरी मदतनीस सुधारला नाही?

"सुधारलाय, म्याडम. म्हणूनच दोन आल्या," सर म्हणाले. "आता खात्री नसली तर त्यो वगळत न्हाय. दोन गेल्या तर चालतं. एक ऱ्हायली तर चालत न्हाय."

मी महबूबभाईंना विचारलं. त्यांना एक आली होती. नाक्यावरच्या महबूबलाही एक. दोघं आता एकाच रिक्षानं जाणार आहेत, आणि भांडण कोण पुढे बसणार याचं आहे.

तेव्हा दादा, तू जो काही मदतनीस लिहितो आहेस तो खुशाल लिही. आधी रिकाम्या डब्यावर चालवून बघ. आईचा रकाना वाच. आणि ज्याला तू उघड म्हणतोस ते एकदा ओट्यावर आणून दाखव.

आता ती दुसरी गोष्ट. तुमचे बाबा एक, आई एक, आडनाव एक, पत्ता एक. तरी मी मोजते तेव्हा दोन भरतात. रविवारी फोन दोन यावेत.